पिशवी काढण्याआधी, आणि ‘आता या वयात कशाला’ म्हणण्याआधी

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक,
आणि त्यांच्यामार्फत जिल्ह्या-तालुक्यांत काम करणारे सरकारी व खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ

विषय : साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांमधील गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि त्याची शस्त्रक्रिया

सप्रेम नमस्कार.

आशाताई घरोघरी आजारांच्या धोक्याची जी प्रश्नावली, म्हणजे सीबॅक फॉर्म, भरतात, त्यात ‘पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का’ हा प्रश्न छापलेला आहे. प्रश्न चोख आहे. अडचण ‘हो’ या उत्तरानंतर सुरू होते. सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरांसाठी आहे, त्यामुळे या बाईचीही गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी होते, ती निगेटिव्ह येते आणि बाई निर्धास्त होऊन घरी जाते. पासष्टीनंतर तर मोहिमेत तीही तपासणी नाही. मुळात म्हातारपणी गर्भाशयमुखाचा तपासायचा भाग आत सरकलेला असतो, आणि अस्तराचा कॅन्सर त्याच्याही वर, पिशवीच्या आत असतो. गर्भाशयमुखावरच्या पेशींची पॅप चाचणी निगेटिव्ह आली म्हणून तो नाही असं कुणालाच म्हणता येत नाही.

अस्तराच्या कॅन्सरसाठी सरसकट स्क्रीनिंग आम्ही मागत नाही, त्याची गरजही नाही. हा रोग स्वतःच वर्दी देतो : पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांना तो होतो, त्यांतल्या दहापैकी नऊ जणींच्या अंगावरून आधी लाल गेलेलं असतं. उलट बाजूने पाहिलं, तर असा रक्तस्राव होणाऱ्या दहापैकी नऊ जणींना कॅन्सर नसतो. म्हणून घाबरवायचं नाही, पण एकीलाही अस्तराचा नमुना (बायोप्सी) किंवा जाडीचं मोजमाप न घेता परत पाठवायचं नाही.

हे पत्र दोन वाक्यांमुळे लिहावं लागतंय. पहिलं : ‘पिशवी खराब झालीय, काढून टाकू.’ दुसरं : ‘आजी, आता या वयात कशाला चिरफाड?’ पहिल्या वाक्याने बाईची चुकीची किंवा अर्धवट शस्त्रक्रिया होते, दुसऱ्याने होतच नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तो गरज नसताना तरुणपणी काढलेल्या पिशव्यांचा होता. म्हातारपणी, जिची खरोखर काढायला हवी तिच्या बाबतीत हात आखडतात, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे.

आधी नमुना

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, रक्तस्राव एकदाच होऊन थांबला असेल, तर कॅन्सरची शक्यता फार कमी. थांबता येतं. पण रक्तस्राव पुन्हा झाला तर अस्तर कितीही पातळ दिसो, नमुना घ्या. सिरस नावाचा आक्रमक प्रकार वाळलेल्या, पातळ अस्तरातही उगवतो, आणि वय वाढतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीवर ‘अस्तर नॉर्मल’ लिहून विषय संपवू नये.

नमुन्यासाठी पिपेल नावाची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी पुरते. भूल नको, थिएटर नको, ओपीडीत दहा मिनिटांत काम होतं. नळी आत घालायची, आतला दट्ट्या मागे ओढायचा, नळी गोल फिरवत पुढे-मागे करायची. अपुरा नमुना आला तर रिपोर्टवर ‘अपुरा’ असं येतं. ते ‘नॉर्मल’ नव्हे. रक्तस्राव चालूच राहिला तर दुर्बिणीतून गर्भाशय पाहून क्युरेटिंग करा, म्हणजे अस्तर खरवडून नमुना घ्या.

चार ठिकाणी फसगत होते. अंग बाहेर आलेल्या बाईत रक्त आलं की ते घासून झालेल्या जखमेचं समजलं जातं, योनीमार्गातून पिशवी काढली जाते आणि कॅन्सर रिपोर्टमध्ये भेटतो. जखम दिसत असली तरी अस्तर मोजा. दुसरी फसगत तोंड आवळलेल्या पिशवीत साठलेल्या पूची. अशा पिशवीची भिंत कागदासारखी झालेली असते. तिथे जोर लावून क्युरेटिंग केलं तर हत्यार आरपार जातं आणि पू पोटात पसरतो. सोनोग्राफीखाली तोंड हळूच रुंद करा, पू वाहू द्या, प्रतिजैविकं द्या, आणि थोड्या दिवसांनी नमुना घ्या. घ्याच, कारण त्या पूच्या मागे पुष्कळदा गाठ असते. तिसरी : स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणारी बाई. त्या गोळीने अस्तर तसंही जाड दिसतं, म्हणून नुसत्या जाडीवर काही ठरवता येत नाही, पण तिच्या अंगावरून एक डाग गेला तरी बायोप्सी हवी. चौथी फसगत साधी आहे : बाई ‘लाल’ म्हणतच नाही. ‘गुलाबी पाणी जातं’, ‘वास येतो’ असं सांगते, आणि केसपेपरवर ‘पांढरं जाणे’ लिहिलं जातं.

आधी नमुना कशासाठी, तर शस्त्रक्रिया कोणती करायची हे त्यावर ठरतं. हलक्या ग्रेडचा, म्हणजे कमी आक्रमक, एंडोमेट्रिऑइड हा नेहमीचा प्रकार असेल तर गर्भाशय मुखासकट, दोन्ही बीजनलिका, दोन्ही बीजकोश आणि पहारेकरी लसिका ग्रंथी (रोग पसरताना ज्यांच्यात आधी पोहोचतो त्या) काढायच्या. सिरस, क्लिअर सेल किंवा कार्सिनोसार्कोमा यांसारखा आक्रमक प्रकार असेल तर ओमेंटमचा (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा) नमुनाही लागतो, आधी छाती-पोटाचा सीटी लागतो, आणि मागाहून केमोथेरपीची तयारी ठेवावी लागते. रिपोर्ट न पाहता केलेल्या शस्त्रक्रियेत बीजकोश राहतात, कधी गर्भाशयमुखच मागे राहतं, कधी पिशवी तुकडे करून काढली जाते आणि पेशी पोटभर सांडतात.

एक नुकसान मात्र कशानेच भरून येत नाही. पहारेकरी ग्रंथी शोधायचा रंग गर्भाशयमुखात टोचावा लागतो. मुखच गेलं की टोचायला जागा उरत नाही. मग एक तर पुन्हा पोट उघडून ओटीपोटातल्या सगळ्या ग्रंथी काढा, नाही तर अंदाजाने रेडिएशन द्या. सत्तरीच्या बाईला दोन्ही महाग पडतं, आणि दहा मिनिटांच्या नळीने दोन्ही टळलं असतं.

वय कागदावर, चाल व्हरांड्यात

आता दुसऱ्या वाक्याकडे. वय वाढलं की या कॅन्सरचा निकाल बिघडतो हे खरं. त्यामागे आक्रमक प्रकार आणि खोल गेलेली गाठ ही कारणं आहेत, तशीच अर्धवट उपचार हेही एक कारण आहे. तोडगा मात्र उपचार आणखी कमी करण्याचा निघतो.

आकडे असे आहेत. अमेरिकेतल्या लॅप-२ या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २००९ आणि २०१२) दोन हजार सहाशेवर स्त्रियांची दुर्बिणीतून किंवा पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. मध्यम ते गंभीर त्रास दुर्बिणीच्या गटात १४ टक्के, उघड्या गटात २१ टक्के. दोन दिवसांहून जास्त मुक्काम ५२ विरुद्ध ९४ टक्के. पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ ९० टक्के. २०१७ च्या लेस चाचणीनेही दुर्बिणीने रोग जास्त उलटत नाही हेच दाखवलं. (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत २०१८ मध्ये नेमकं उलट निघालं. ते या रोगाला लावू नका, रोग वेगळा आहे.) म्हणजे जिला टाक्यांचा, पडून राहण्याचा, न्यूमोनियाचा धोका जास्त, त्या म्हातारीलाच दुर्बिणीचा फायदा जास्त. वय पाहून तिला उघड्या शस्त्रक्रियेकडे वळवणं उलटं आहे. लॅप-२ चाचणीत दुर्बिणीच्या गटातल्या चौथ्या हिश्श्याच्या स्त्रियांचं पोट मध्येच उघडावं लागलं होतं, त्यामुळे तसं करावं लागलं तर ती कुणाची हार नाही. अडकून चार तास डोकं खाली ठेवण्यापेक्षा वेळेवर उघडणं बरं.

बाई शस्त्रक्रिया पेलेल का, हे आधारकार्डावरची जन्मतारीख सांगत नाही. व्हरांड्यात तीन मीटरवर खूण करा. खुर्चीतून उठून, खुणेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायला बारा सेकंदांहून जास्त लागले तर सावध व्हा. न थांबता दोन जिने चढते का, विचारा. शहरात जिना, खेड्यात विहिरीवरून घागर. विचारायची गोष्ट एकच आहे. विसरभोळेपणासाठी तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात आणि मध्ये घड्याळ काढायला लावतात. शाळेत न गेलेल्या बाईला घड्याळ काढायला लावू नका. तिला वार, महिना, नातवंडांची नावं, बाजारातला हिशोब विचारा. एक ते नऊ अशी दुर्बलतेची क्लिनिकल पट्टी आहे, ती भरायला दोन मिनिटं लागतात. आमचा ठोकताळा असा : तीनपर्यंत असेल तर तरुण बाईसारखीच पूर्ण शस्त्रक्रिया, चार-पाच असेल तर आधी तयारी, मग शस्त्रक्रिया, सहाला शस्त्रक्रिया आखूड करा, ग्रंथींच्या मागे लागू नका, सात आणि पुढे असेल तर आधी बसून बोला.

तयारीला दोन-तीन आठवडे दिले तर हलक्या ग्रेडच्या रोगात बिघडत नाही. तीन महिने ‘हृदयाचा रिपोर्ट येऊ द्या’ म्हणत घालवले तर बिघडतं. या आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढवा. महिनोन्महिने अंगावर काढलेलं असतं, ते गोळ्यांनी वेळेत भरत नाही. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे लोहाचं इंजेक्शन शिरेतून द्या, वजनानुसार, एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम. रोज अंडं, डाळ, दूध, दोन वेळा चालणं, श्वासाच्या व्यायामासाठी फुगे किंवा तीन गोळ्यांचं यंत्र. तंबाखूची मिश्री बंद.

औषधांचा डबा स्वतः उघडून पाहा, चिठ्ठीवर विसंबू नका. मधुमेहाच्या ‘फ्लोझिन’ गोळ्या (डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) तीन दिवस आधी बंद करायच्या असतात. त्या चालू राहिल्या तर साखर जवळजवळ नॉर्मल दिसत असताना रक्त आंबट होतं आणि दम का लागतोय ते दुसऱ्या दिवशीही कुणाला उमगत नाही. वॉरफरीन पाच दिवस आधी, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी बंद. हृदयात स्टेंट असेल तर मात्र हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवता येते. एनिमा-जुलाब देऊन आतडं रिकामं करायची गरज नाही. म्हातारी त्यानेच गळून जाते. जेवण सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. ‘रात्री बारानंतर काही नाही’ आणि नंबर दुपारी तीनला, हे बंद व्हायला हवं.

टेबलावर

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत डोकं खाली झुकवल्यावर आतडी छातीकडे सरकतात, फुप्फुसं दबतात, चेहरा सुजतो, डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू असलेल्या बाईची आधी डोळ्यांची तपासणी हवी. पोटात वायू भरल्यावर पाच मिनिटं झुकवून भूलतज्ज्ञाला आकडे पाहू द्या, मगच पुढे जा. वायूचा दाब १२ वरून ८-१० मिमी पाऱ्यावर आणला आणि टेबल लागेल तेवढंच झुकवलं, तर पुष्कळ म्हाताऱ्या सहन करतात. खांद्याला ठोकळे लावू नका, हाताच्या नसा दबतात. गुडघ्याबाहेर मऊ घडी ठेवा, नाही तर दुसऱ्या दिवशी पाऊल उचलत नाही.

आत गेल्यावर आधी पोट पूर्ण पाहा, यकृताच्या वरपर्यंत. बीजनलिका सुरुवातीलाच बंद करा, म्हणजे पिशवी हलवताना पेशी पोटात ढकलल्या जात नाहीत. पहारेकरी ग्रंथी शोधायच्या रंगाची, इंडोसायनिन ग्रीनची, २५ मिलिग्रॅमची कुपी २० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवा, सलाइनमध्ये नको. गर्भाशयमुखात तीन आणि नऊ वाजण्याच्या जागी प्रत्येकी १ मिलिलिटर खोल, १ मिलिलिटर वरवर, सावकाश टोचा. घाईने टोचलं की रंग सांडतो आणि सगळं ओटीपोट हिरवं होतं. आयोडिनची ॲलर्जी आधी विचारा. २०१७ च्या फायर्स अभ्यासात ग्रंथींत रोग पोहोचलेल्या स्त्रियांपैकी ९७ टक्के या पद्धतीने ओळखल्या गेल्या, पण ते रंग वर चढला तेव्हाचं गणित. म्हातारपणात आणि स्थूलपणात रंग चढत नाही असं जास्त घडतं. मग त्या बाजूला पुन्हा टोचा. तरीही दिसलं नाही तर त्या बाजूच्या ग्रंथी काढायच्या की नाही हे ग्रेड आणि बाईची ताकद पाहून ठरवा. सरसकट सगळ्या ग्रंथी काढून आयुष्य वाढत नाही, हे इटलीच्या २००८ च्या आणि ब्रिटनच्या २००९ च्या चाचण्यांनी दाखवलं आहे. पाय सुजतात ते मात्र कायमचे.

गर्भाशय नमुन्याच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून, अख्खं, योनीमार्गातून काढा. वाळलेल्या, अरुंद योनीमार्गातून निघत नसेल तर पोटावर लहान छेद द्या. तुकडे नाही म्हणजे नाही. योनीमार्गाचं वरचं तोंड शिवताना कडा फार जाळू नका आणि टाका काठापासून सेंटिमीटरभर आत घ्या; पातळ ऊतीतला टाका पहिल्या जोरकस खोकल्यालाच फाडून बाहेर येतो.

दुर्बिणीची सोय नसेल, बाई स्थूल आणि फुप्फुसं कमजोर असतील, तर कण्यातल्या भुलीखाली योनीमार्गातून पिशवी काढणं हा जुना आणि चांगला मार्ग आहे, फक्त बीजकोशही काढायचा प्रयत्न करा. तेही झेपणार नसेल तर रेडिएशन, किंवा हलक्या ग्रेडमध्ये लिव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारं, तांबीसारखं गर्भाशयात बसवायचं साधन. हे उपचार दुय्यम आहेत, पण ‘काहीच नाही’पेक्षा फार वरचे.

बरणी

चांगली शस्त्रक्रिया बरणीत वाया जाते. गर्भाशय तसंच बंद ठेवून फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं तर मधला भाग सडतो. समोरून उभं उघडा, १० टक्के फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहापट घ्या, सलाइनमध्ये कधीच पाठवू नका. ऊती नीट टिकली नाही तर पी-५३ हे प्रथिन आणि मिसमॅच रिपेअरची (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी) चार प्रथिनं यांच्या रंगचाचण्या वाचताच येत नाहीत, आणि पुढचे उपचार आज त्यावर ठरतात : पी-५३ बिघडलेलं असेल तर केमोचा विचार, चार प्रथिनांपैकी एखादं नसेल तर इम्युनोथेरपीचा मार्ग उघडतो आणि लेकी-बहिणींची आनुवंशिक तपासणी सुरू होते. रिपोर्टमध्ये प्रकार, ग्रेड, स्नायूत किती खोल (अर्ध्याच्या आत की पुढे), रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का आणि किती, मुखाचा सहभाग, ग्रंथी, हे सगळं मागून घ्या. नमुन्याचे मेणाचे ब्लॉक नातेवाइकांच्या हाती द्या.

रोग उलटण्याचा धोका मध्यमाहून वर असेल तर पूर्वी सगळ्या ओटीपोटाला रेडिएशन देत. २०१० च्या पोर्टेक-२ चाचणीनंतर बहुतेकींना योनीमार्गातून दिलेलं आतलं रेडिएशन पुरतं, दोन-तीन फेऱ्यांत. लांबच्या गावाहून पाच आठवडे रोज येण्याच्या तुलनेत म्हातारीला हे कुठल्या कुठे सोपं जातं.

वॉर्डात

शस्त्रक्रिया सुखरूप होऊन बाई वॉर्डात बिघडते, हे जास्त वेळा होतं. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देऊ नका. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र त्याच संध्याकाळी परत द्या. लघवीची नळी दुसऱ्या सकाळी काढा. चाळीस किलोच्या बाईला पॅरासिटामॉल १ ग्रॅम जास्त होतं; किलोमागे १५ मिलिग्रॅम धरा. ट्रामाडॉल या वेदनाशामकाने पुष्कळ जणी बरळतात. आणि जी बरळत नाही, नुसती शांत डोळे मिटून पडलेली असते, हाक मारल्यावर उशिरा ‘ओ’ देते, तिच्याकडे आधी जा. तोही भ्रमच आहे, आणि ‘आजी झोपल्यात’ म्हणून सुटतो. ऑक्सिजन, साखर, सोडियम, तुंबलेली लघवी, तुंबलेला संडास, दुखणं, ताप, या क्रमाने पाहा. हात बांधू नका. घरचं माणूस रात्री उशाशी बसू द्या, भेटीची वेळ काहीही असो.

रक्ताच्या गुठळीने पाय सुजणं, दम लागणं यांच्याविरुद्ध एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन ४० मिलिग्रॅम रोज, मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. पोट उघडलं असेल तर २८ दिवस. डिस्चार्ज कार्डावर ‘इंजेक्शन २८ दिवस’ लिहून भागत नाही. गावात टोचणार कोण, ते नाव आणि फोन लिहा. उपकेंद्राच्या एएनएमना शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून तसं पत्र गेलं तर हा प्रश्न एका दिवसात सुटतो. सात ते चौदा दिवसांत अंगावरून पाण्यासारखं सतत जाऊ लागलं तर ते ‘पांढरं’ नसून मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला छिद्र असू शकतं, हे नातेवाइकांना आधीच सांगा.

तुमच्याकडून काय हवं

सीबॅकमध्ये ‘हो’ म्हणणारीसाठी जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला वार, त्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी आणि पिपेल एकाच खोलीत. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दहा दिवसांत. कॅन्सर निघाला की मुंबईचं टाटा, नागपूरचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा जवळचं वैद्यकीय महाविद्यालय, जिथे जागा मिळेल तिथे थेट तारीख घेऊन पाठवणं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद जिल्ह्यातच तयार झाले तर मोठ्या शहरातल्या दोन फेऱ्या वाचतात. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकीला ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पण ते आहे हेच बहुतेकींना माहीत नसतं. आरोग्यमित्राला बायोप्सीच्या दिवशीच बोलावलं तर रिपोर्ट येईपर्यंत कार्ड हातात येईल.

आणि निर्णय बाईला विचारा. मुलगा दारात उभा राहून ‘आईला सांगू नका’ म्हणतो, सून ‘त्यांना झेपायचं नाही’ म्हणते. दोघांना पाच मिनिटं बाहेर बसवून तिला विचारलं की बहुतेक वेळा तिचं स्वतःचं ठाम मत असतं. ते केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहा.

आपले,
गर्भाशयाच्या कॅन्सरवर काम करणारे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि परिचारिका

ता. क. बरणीवरचं नाव झाकणावर चिकटवू नका, बरणीच्या अंगावर चिकटवा. लॅबमध्ये झाकणं अदलाबदल होतात.